चिखलात रुतलेल्या नावेची आणि सुंद्राबाईंच्या उपप्रश्नांची हकीकत

॥ श्री ॥ विघ्नहर्त्यास आधी वंदन, मग शारदेस, आणि मग जे कोणी श्रोते शेवटपर्यंत जागे राहतील त्यांस. शके एकोणीसशे अडतीस, दुर्मुखनाम संवत्सर, फाल्गुन शुद्ध चतुर्दशी, ते दिवशी धाकट्या तख्ताचे सभेत जे वर्तमान जाहले ते जैसे घडले तैसे लिहिले आहे. तिखटमीठ लागले असल्यास ते दरबारचेच समजावे.

तर ऐसे की, थोरले तख्त दूर देशी नांदत होते, आणि समुद्रकाठच्या सुभ्याचा कारभार लांबून पाहता पाहता त्यास कंटाळा आला, मग तख्ताने सुभ्यास सनद करून दिली की आजपासून आपले घर आपण सांभाळावे, आपली सभा भरवावी, आपला दिवाण नेमावा, आणि आम्हांस उठसूट त्रास देऊ नये. सुभेकऱ्यांनी हर्षे नगारे वाजविले, साखर वाटली, आणि त्या गडबडीत सनद पुरती वाचण्याचे राहून गेले. सनदेत एक कलम होते की किनारा धाकट्या तख्ताचा, म्हणजे सुभ्याचा, आणि पाणी थोरल्या तख्ताचे. कलम दिसण्यात साधेभोळे होते. परंतु ते लिहिणारे मुत्सद्दी पडले डोंगरमुलुखातले, आणि खाडीचे पाणी दिवसातून दोन वेळा येते व दोन वेळा जाते ही गोष्ट त्यांचे गावीच नव्हती. त्यामुळे खाडीच्या काठची चिखलाची जमीन ओहोटीस धाकट्या तख्ताची होई आणि भरतीस थोरल्याची, आणि खेकडे तेवढे दोन्ही राजवटींत सुखाने राहत.

खाडीपल्याड एक बेट होते, आणि बेटावरून सभेत निवडून आलेल्या सभासद सुंद्राबाई होत्या. बाईंचा बांधा ठेंगणा, आवाज खणखणीत, आणि प्रश्न विचारण्याची हौस दांडगी. बेटास जाण्यायेण्यास एकच सरकारी नाव होती, ती मार्गशीर्षात खडकास लागून तळाशी फुटली आणि नेमकी सभागृहाचे खिडकीखाली चिखलात येऊन रुतली. धाकट्या तख्ताने तत्काळ काय केले म्हणावे, तर नावेस लाखेची मोहोर लावली की कोणी हात लावील तो शिक्षेस पात्र होईल, आणि खिडकीस जाड पडदा लावला. मग थोरल्या तख्तास लिहून पाठविले की तुमची नाव फुटली आहे. थोरल्या तख्ताने आपला माणूस पाठविला, तो नेमका ओहोटीस पोहोचला, त्याने नाव कोरड्या चिखलात पाहिली आणि उत्तर दिले की ती तुमची आहे. ऐसे दोन्ही दरबारांनी हात झटकले आणि नाव तेथेच राहिली.

आता बाईंचे दुःख निराळेच होते. त्यांची एकुलती लेक कृष्णी बेटावर पहिलटकरीण होती, दिवस भरत आले होते, पोटात मूल आडवे आहे, तिला हलविणे धोक्याचे, ऐसे जाणत्या बायका म्हणत होत्या, आणि असे बाळंतपण निभावून नेणारी गोदू सुईण अलीकडच्या काठावर राहत होती. गोदूचे अंग भारी, आणि लहान होडी एकदा तिच्यासकट उलटली होती. ती कानाला हात लावून म्हणे, "सुंद्राक्का, थोरली नाव आणा, मी कृष्णीच्या उशाशी बसून राहते. पण त्या टरफलात काही मी पाय ठेवायची नाही." बाई सभेत वाघीण, पण रोज सकाळी पलीकडच्या बेटाकडे पाहून त्यांचे डोळे भरून येत. त्यांनी नावेचा प्रश्न कितीदा तरी लावला. परंतु दिवाण हैबतराव मोठे धोरणी होते. ते पंचांग पाहून भरतीची वेळ काढीत आणि तेवढ्याच वेळेस प्रश्न घेत, आणि मग उभे राहून गोड हसून म्हणत की नाव सांप्रत पाण्यात आहे, सबब हा प्रश्न आमचा नव्हे. चतुर्दशीचा तो दिवस सभेचा शेवटला होता. दुसरे दिवशी होळी, सभासदांच्या गाड्या शिमग्यास गावी जाण्यास जुंपून तयार, आणि त्या दिवशी प्रश्न सुटला नाही तर तो रद्द होऊन सभा पुन्हा पावसाळ्यानंतर भरणार होती. तोवर कृष्णीचे मूल रांगले असते, किंवा रांगण्यास उरलेच नसते.

मग सकाळी भर भरतीस प्रश्न पुकारला गेला, आणि सुंद्राबाई पदर खोचून उभ्या राहिल्या आणि बोलिल्या, "सभानायक महाराज, बेटाची सरकारी नाव बुडाली, हे खरे आहे काय?"

दिवाण उठले आणि बोलिले, "हे अंशतः खरे आहे."

"कोणता अंश?"

"खालचा."

"आणि वरचा?"

"नाव पाण्यात आहे, बाईसाहेब. पाणी थोरल्या तख्ताचे."

"पाण्यात खालचा अंश आहे. वरचा वाऱ्यात आहे. वारा कोणाचा?"

येथे सभेत चुळबुळ जाहली. सभेचा नेम ऐसा होता की उत्तरातून उपप्रश्न निघत राहील तोवर सभानायकास तो थांबविता येत नसे, आणि वाऱ्याविषयी सनदेत अक्षर नव्हते. दिवाणांनी कारभाऱ्यांकडे पाहिले, कारभाऱ्यांनी छताकडे पाहिले, आणि मग उत्सव खात्याचे कारभारी चाचरत उठून म्हणाले की पताका वाऱ्यावर फडकतात, सबब वारा बहुधा आमचा. बाईंनी लागलीच विचारले की नावेच्या डोलकाठीवर बगळे बसतात, ते बसले असता कोणाचे आणि उडाले असता कोणाचे. पशुपक्षी खात्याचे कारभारी उठले. बगळे आमचे, म्हणाले, परंतु त्यांनी धरलेला मासा पाण्यातला, सबब थोरल्या तख्ताचा. बाईंनी विचारले, "आणि गिळल्यावर?" मग त्यावर तीन कारभारी एकदम उठले आणि आपसांत भांडू लागले, आणि सभानायकांनी घंटा बडवून बडवून तिचा लोळा निखळून खाली पाडला.

ऐसे करिता करिता ऊन डोक्यावर आले आणि मग कलू लागले. मुदपाकखान्यातून पुरणाचा वास येऊ लागला आणि निम्म्या सभासदांचे चित्त तिकडे धावू लागले. दिवाण एका खात्याचे उत्तर निस्तरीत तो बाई दुसऱ्या खात्यात शिरत. दिवाणांचे नाकी नऊ आले, पगडीखालून घाम गळ्यात उतरू लागला. बाईंचेही पाय दुखत होते आणि घशास कोरड पडली होती, परंतु त्यांचे कान खिडकीकडे होते. पडद्याआडून लाटांचा चुबुकचुबुक आवाज सकाळी येत होता, तो आता येत नव्हता. शेवटी हैबतराव कासावीस होऊन ओरडिले, "अरे, जीव चालला! कोणी तो पडदा तरी उघडा!"

चाकराने पडदा ओढला. खिडकीखाली पाण्याचा टिपूस नव्हता. नाव चिखलात कलंडून पडली होती, ऊन तिच्या फुटक्या तळातून आरपार जात होते. मग सुंद्राबाई अगदी हलक्या आवाजात बोलिल्या, "दिवाणजी, आता ती कोणाची?"

हैबतरावांनी नावेकडे पाहिले, पंचांगाकडे पाहिले, आणि पंचांग मिटून ठेविले. "आता... आमची."

"मग नावेस किनाऱ्यावर केव्हा आणणार?"

"लवकरच."

"लवकरच म्हणजे भरतीच्या आधी, की नंतर? नंतर ती तुमची राहणार नाही."

"आधी," दिवाण बोलून गेले, आणि सभेत दिलेला शब्द तो वज्रलेप, ऐसा रिवाज.

मग जे जाहले त्यास उपमा नाही. सारे कारभारी, सभासद, सभानायक, लोळा हरवलेली घंटा घेऊन शिपाई, सर्व जिने उतरून खाडीत धावले. भरतीचे पाणी फिरण्यास फार अवकाश नव्हता. दिवाणांनी आपल्या हाते मोहोर फोडिली, दोर आणविला, आणि मग "हय्या हो" म्हणून ओढावयास लागले. उत्सव खात्याचे कारभारी कमरेएवढे रुतले, त्यांस दोन विरोधी सभासदांनी काखेत हात घालून उपसले, आणि हे सुभ्याच्या इतिहासात प्रथमच घडले. हैबतरावांचा एक जोडा चिखलाने गिळला, पगडी खेकड्यांत गेली, आणि कोण जाणे काय जाहले, ते लहान पोरासारखे हसू लागले आणि ओरडू लागले, "ओढा रे, अजून ओढा! शिमगा आजच आला!" काठावर लोक जमले, त्यांनी ढोल आणले, आणि पाणी पाठीमागून चाटत येत असता नाव भरतीच्या रेघेवर, सुक्या शेवाळाच्या पलीकडे, खडखडत येऊन बसली. सुंद्राबाई दोर सोडून मटकन चिखलात बसल्या आणि रडल्या, आणि कोणास ते रडे म्हणून कळले नाही, कारण सर्वांचीच तोंडे सारखी माखली होती.

मग सुतारांनी होळीचा सण सोडून फळ्या ठोकल्या, डांबर चोपडले, आणि रंगपंचमीस नाव तयार जाहली. गोदू सुईण आपले बोचके घेऊन नावेत जाऊन बसली. बेटावरून सांगावा आला होता की कृष्णीस सकाळपासून कळा येत आहेत. पण नाव ढकलावी कोणी? किनाऱ्यावर आहे तोवर ती धाकट्या तख्ताची, परंतु पाण्यास टेकताच थोरल्याची, आणि थोरल्या तख्ताची नाव त्यांचे हुकुमावाचून हाकणे म्हणजे मोठा गुन्हा, सनद जाण्यापर्यंत पाळी. कारभारी हात चोळीत उभे राहिले आणि एकमेकांस "आपण पुढे व्हावे" म्हणू लागले. सर्वांनी बाईंकडे पाहिले की आता ह्या प्रश्न करतील. बाईंनी प्रश्न केला नाही. त्यांनी नावेस खांदा लावला आणि डोळे मिटून जोर केला. नाव तसूभरही हलली नाही. मग त्यांचे शेजारी आणखी एक खांदा लागला, आणि नाव सरसरत पाण्यात गेली, आणि बाई नावेत चढल्या तेव्हा त्यांनी मागे वळून पाहिले तो गुडघाभर पाण्यात हैबतराव उभे होते.

दिवेलागणीस कृष्णी सुखरूप मोकळी जाहली. मुलगी जाहली, आणि तिने असा टाहो फोडिला की गोदू म्हणाली, "घ्या, ही पण आजीसारखीच सभेत जाणार."

पुढे चैत्रात थोरल्या तख्ताचा वकील तणतणत आला. त्याच्यासाठी सभा मुद्दाम बोलाविली गेली. त्याने भर सभेत विचारले की आमचे पाण्यात नाव लोटली ती कोणाचे हुकुमाने. सभासदकी जाईल ती जावो, पण आपल्यापायी सुभ्याची सनद जाऊ नये, म्हणून सुंद्राबाई कबुली देण्यास उठणार, तो हैबतराव उठले. कारभाऱ्यांनी त्यांचा शेला ओढिला, पुटपुटले की अंशतः म्हणा, चौकशी सुरू आहे म्हणा. दिवाणांनी शेला सोडवून घेतला आणि बोलिले, "मी लोटली. हुकूम कोणाचा नव्हता. एक बाळंतीण अडली होती. पुन्हा अडली तर पुन्हा लोटीन."

वकील पुढील वाक्याची वाट पाहत राहिला, पण पुढे वाक्य नव्हते. त्यास आजवर टोलवाटोलवीची उत्तरे मिळत आली होती, आणि त्यांवर काय करावे ते त्यास मुखोद्गत होते. सरळ उत्तरावर काय करावे, याचा दाखला त्याचे दफ्तरी नव्हता. तो उभा राहिला, बसला, पाणी प्याला, आणि निघून गेला. सभानायकांनी रिवाजाप्रमाणे विचारले, "सुंद्राबाई, उपप्रश्न?"

बाई उठल्या. मग त्यांनी हैबतरावांस हात जोडिले आणि खाली बसल्या.

येणेप्रमाणे नाव तरली, लेक तरली आणि सनदही तरली. हे वर्तमान जो ऐकेल त्यास विचारण्याची हिंमत होवो, आणि ज्यास विचारले जाईल त्यास उत्तर देण्याची. लेखनसीमा.