पोलंडहून आलेली फळी

खोकं टेम्पोतून उतरलं आणि पुंडलिकनगरातली ती अख्खी गल्ली गप्प झाली. नऊ फूट लांब, आडवा माणूस सहज मावेल एवढं रुंद, वर परक्या भाषेतली अक्षरं. चौघांनी ते खांद्यावरून आणून ओट्यावर ठेवलं, तशा समोरच्या अनसूयाबाईंनी डोक्यावर पदर घेतला.

"सरूबाई, कुणाचं हो?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

"आमच्या सत्यमचं की."

अनसूयाबाई मटकन पायरीवरच बसल्या.

"अवो, तसलं काय नाय!" सरूबाई घाईनं म्हणाल्या. "सत्यम डूटीवर हाय. ही फळी हाय, फळी! पाण्यावर उभं राहायची. वर शीड असतं, वारं भरलं की पळती म्हणं."

"पाण्यावर उभं राहायची," अनसूयाबाई म्हणाल्या. त्यांना पहिलीच बातमी जास्त पटण्यासारखी वाटली होती.

सत्यम हा सरूबाई आणि त्यांचे यजमान तात्यासाहेब यांचा एकुलता मुलगा. वाळूजच्या कारखान्यात सुपरवायझर, छत्तीस वर्षांचा. लहानपणी सायकल मागितली तेव्हा तात्यासाहेबांनी नाही म्हटलं, सहलीला जातो म्हणाला तेव्हा नाही म्हटलं, आणि मग पोरानं मागणंच सोडून दिलं. दोन वर्षांमागं कंपनीच्या सहलीत गोव्याला त्यानं कुणाला तरी शिडाच्या फळीवरून समुद्रावर जाताना पाहिलं. घरी येऊन म्हणाला, "तात्या, मला हे शिकायचंय." त्याच्या तोंडावर त्या वेळी जे होतं ते तात्यासाहेबांनी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. ते एवढंच म्हणाले, "घे. पण इथल्या इथं घे. इकणाऱ्याची गचांडी धरता आली पायजे."

म्हणून बापलेक आधी शहरभर हिंडले. खेळाच्या सामानाच्या पहिल्या दुकानदारानं पोहायची रबरी ट्यूब दाखवली. दुसरा म्हणाला, "ये इधर कौन लेता साहेब? कॅरम बघा, नवा आलाय." तिसऱ्यानं गोव्याच्या कुणाचा तरी नंबर दिला. त्या माणसाकडं जुनी फळी होती, पण शीड उंदरांनी खाल्लं होतं. मग सत्यमनं मोबाइलवर पोलंडच्या एका कारखान्याची नवशिक्यांसाठी केलेली फळी शोधून काढली. रुंद, जाड, लवकर न उलटणारी.

"आन काय बिघडलं तर?" तात्यासाहेबांनी विचारलं. "पोलंडवाल्याची गचांडी कशी धरशील?"

"वॉरंटी असते तात्या."

"वॉरंटीला गचांडी असती का?"

सत्यम हसला आणि मागवली. तीन महिने ती जहाजातून येत होती. आज शुक्रवारी पोचली. रविवारी सत्यम ती पहिल्यांदा पाण्यात घालणार होता. त्यानं त्यासाठी ओव्हरटाइम नाकारला होता, जे त्यानं मुलगी बघायला जाण्यासाठीसुद्धा केलं नव्हतं.

फोनवर तो म्हणाला, "तात्या, उघडू नका. संध्याकाळी मिळून उघडू."

"नाय नाय, मी कशाला हात लावतोय," तात्यासाहेब म्हणाले, आणि ते खरंही होतं. पण भिंतीवरच्या कॅलेंडरात पाहिलं तर चांगली वेळ साडेबारापर्यंतच होती. त्यानंतर थेट सोमवार. नवं वाहन बिनपूजेचं कसं ठेवायचं? त्यांनी हळद-कुंकू मागवलं आणि खोक्यालाच लावायला निघाले.

"खोक्याला कुंकू?" सरूबाई म्हणाल्या. "गावाकडं ट्रॅक्टर आला तवा ताडपत्रीला लावलं व्हतं का तुमी?"

मुद्दा बिनतोड होता. तात्यासाहेबांनी विळा आणला.

आतून फळी निघाली. पांढरी, कडेनं निळी, हात फिरवला तर हात कुठं थांबावा तेच कळेना. एवढी लांब वस्तू, आणि तात्यासाहेबांनी एका टोकाला हात घातला तर ती कणसासारखी उचलली गेली. वरच्या बाजूला मऊ पातळ गादी चिकटवलेली. "हे कामून?" सरूबाईंनी विचारलं. तात्यासाहेबांनी दाबून पाहिलं आणि त्यांच्या लक्षात आलं: शिकणारा माणूस गुडघ्यावर पडणार, तो सोलवटू नये म्हणून. कुठं तो पोलंड, नकाशात बोट ठेवता येणार नाही, आणि तिथं कुणीतरी बसून आपल्या सत्यमच्या गुडघ्याचा विचार केला होता. त्यांना एकदम भरून आलं. नारळ तर आता फोडायलाच हवा होता.

प्रश्न एवढाच, कशावर? ट्रॅक्टरच्या वेळी चाकापुढं दगड ठेवला होता. हिला चाक नव्हतं, आणि ओट्यावर दगड नव्हता.

"फरशीवर नाय हां," सरूबाईंनी बजावलं. "दिवाळीला बसवलीय. एक तडा नाय गेला पायजे."

"मग वाहनावरच फोडतो. बंपरवर फोडत्यात तसा."

फळीच्या टोकाला तात्यासाहेबांनी हलकेच नारळ मारला. नारळ फुटला नाही. दुसऱ्यांदा जरा जोरात मारला. तरी नाही. तिसऱ्यांदा त्यांनी सगळ्या कुलदेवतांचं नाव घेतलं आणि दोन्ही हातांनी आणला. कडाक् असा आवाज झाला.

नारळ अखंड होता. फळीला मुठीएवढं भोक पडलं होतं, आणि आतून पांढरे शुभ्र मणी ओट्यावर सांडत होते.

"आत थर्माकोल हाय," तात्यासाहेब खोल गेलेल्या आवाजात म्हणाले.

"फरशी वाचली," सरूबाई म्हणाल्या. मग नवऱ्याचं तोंड पाहून त्यांनी नारळ त्यांच्या हातातून हळूच काढून घेतला.

संध्याकाळी सत्यम धावतच आला. फळीच्या टोकाला लाल फडकं घट्ट बांधलेलं, वर हार. "देवाला दाखवल्याबिगर फडकं सोडत नसत्यात," तात्यासाहेब त्याच्याकडं न बघता म्हणाले. "उद्या भद्रा मारुतीला नेऊन आणतो." सत्यम रागावला नाही. तो फळीशेजारी मांडी घालून बसला आणि जेवायला हाका मारीपर्यंत तिच्यावरून हात फिरवत राहिला.

शनिवारी सकाळी सत्यम कामावर गेला आणि फळी, शीड, काठ्या आणि नवराबायको, सगळं टेम्पोत चढलं. टेम्पो भद्रा मारुतीच्याच रस्त्याला लागला, पण पडेगावात वळला. तिथं अप्पारावांची शेड होती. अप्पाराव तात्यासाहेबांचे जुने दोस्त. फायबरच्या गव्हाणी आणि पाण्याच्या टाक्या बनवायचे.

अप्पारावांनी फळी उन्हात धरून पाहिली, एक डोळा मिटून पाहिली, कडेला गाल लावून पाहिली. "तात्या, हे माणसाचं काम नाय," ते म्हणाले. मग भोक पाहिलं. "हे माणसाचं हाय."

"बुजंल का?"

"म्हशीनं लाथ मारलेली टाकी बुजवतो मी. हे काय!"

त्यांनी टाकीचं रसायन कालवलं आणि भोकात ओतलं. चर्र आवाज आला. आतला थर्माकोल तव्यावरच्या लोण्यासारखा विरघळू लागला. मुठीएवढं भोक बघता बघता पातेल्याएवढं झालं. अप्पाराव फडक्यानं पुसत होते, तात्यासाहेब तोंडानं फुंकत होते, आणि पोलंड आतल्या आत नाहीसा होत होता.

"पुरे!" सरूबाई ओरडल्या. "दोघं बी लांब व्हा!"

शेवटी अप्पारावांनी हिकमत केली. पांगाऱ्याचं लाकूड लई हलकं. त्याचा ठोकळा तासून भोकात बसवला, ग्रॅनाइट चिकटवायच्या, थर्माकोल न खाणाऱ्या रसायनात जाळी भिजवून त्यावर चढवली, आणि वैशाखाच्या उन्हात दुपारपर्यंत ते दगडासारखं झालं. टोक पुन्हा गोल, गुळगुळीत. फक्त गव्हाणीचा हिरवा रंग तेवढा शेडमध्ये शिल्लक होता, म्हणून तो दिला.

"गळतं का बघाया पायजे," अप्पाराव म्हणाले. शेडमागंच त्यांचं शेततळं होतं, भरलेलं. "वर वजन देऊन. मी शंभर किलोचा, मी नाय. तात्या, तुमी?"

तात्यासाहेबांना पोहता येत नव्हतं. ते तळ्याकडं आणि तळं त्यांच्याकडं बघत राहिलं.

"सरका," म्हणून सरूबाईंनी चपला काढल्या.

"अगं, बुडशील! तुला पवता येतं व्हय?"

"माहेरच्या इहिरीत शिकले."

"मला कधी बोलली नाय ते?"

"तुमी कधी इचारलं?"

अप्पारावांनी हौसेनं खोक्यातलं चित्रांचं पुस्तक बघून शीडही जोडलं होतं. 'एवढं केलंच हाय तर लावू,' म्हणून लावलं, आणि फळीला दोर बांधून दोर लिंबाला गुंडाळला. सरूबाईंनी लुगड्याचा काचा मारला, फळीबरोबर आलेलं, बुडू न देणारं नारिंगी जाकीट अंगात चढवलं आणि फळीवर उभ्या राहिल्या. शिडाची आडवी काठी त्यांनी दोन्ही हातांत धरली. फळी डुलली. त्या डुलल्या नाहीत.

लग्न होऊन आल्यापासून शहरात येईपर्यंत तीस सुग्या या बाईनं खळ्यात तीन पायांच्या उंच तिवईवर उभं राहून ज्वारी उपणली होती. डोक्यावर पाटी धरून वाऱ्याची वाट बघायची, वारं आलं की पाटी कलती करायची, पडलं की थांबायचं. वारं कुठून येणार हे त्यांना कानाच्या पाळीला कळायचं. आत्ताही त्यांनी मान जराशी तिरकी केली आणि थांबल्या.

मग वारं आलं. शीड फुगलं. सरूबाई बैलाचा कासरा ओढावा तशा मागं रेलल्या, लिंबाचा दोर सुटला, आणि फळी पाण्यावरून निघाली. आवाज नाही, वल्हं नाही, इंजीन नाही. तात्यासाहेबांनी ओरडायला तोंड उघडलं होतं ते तसंच राहिलं. चाळीस वर्षं जी बाई त्यांच्यामागून चार पावलं चालत आली होती, ती पाण्यावर उभी राहून त्यांच्यापासून लांब जात होती, आणि तिची पाठ कशी ताठ होती! पलीकडच्या काठाला फळी अलगद टेकली. सरूबाई कोरड्या पायांनी उतरल्या.

"गळत नाय!" त्यांनी तिकडून ओरडून सांगितलं.

निघताना त्यांनी नवऱ्याला आणि अप्पारावांना बजावलं, "मी चालवल्याचं पोराला एक अक्षर बोलायचं नाय. पयला मान त्याचा हाय."

घरी पोचले तर सत्यम दारातच उभा. त्याची नजर आधी हिरव्या टोकावरच गेली. तात्यासाहेबांनी मग तेवढं तळं सोडून सगळं सांगून टाकलं: कॅलेंडर, फरशी, नारळ, पडेगाव. सत्यमनं शांतपणे वॉरंटीचा कागद काढून वाचला.

"खडक आहे," तो म्हणाला. "जहाजातली आदळआपट आहे. ऊन आहे. नारळ नाहीये तात्या."

कागदाची घडी घालून तो आत गेला. जेवलाही नाही. तात्यासाहेबांना वाटलं, ओरडला असता तर बरं झालं असतं.

रविवारी तिघं पाचोडच्या पुढच्या तलावावर गेले. सरूबाईंचं माहेर तिथलंच. सकाळचं मोकळं वारं, पाणी दूरवर लखलखतंय. सत्यम फळीवर चढला आणि पडला. पुन्हा चढला, शीड उचललं, शिडासकट पडला. पाणी त्याच्या नाकातोंडात गेलं. अकराव्यांदा पडल्यावर तो फळी ओढत काठावर आला आणि धाप टाकत बसला.

"टोक जड झालंय," तो म्हणाला. "तोल गेलाय तिचा. संपलं तात्या. ही आता कुणालाच चालणार नाही."

तात्यासाहेबांनी सरूबाईंकडं पाहिलं. सरूबाई मुद्दाम तलावाकडं बघत होत्या. पोराचा पहिला मान राखायचा तर गप्प बसायला हवं, आणि गप्प बसलं तर पोराची फळी आपण कायमची मोडली असं ठरत होतं. त्यांना राहवेना.

"चालती ती," ते म्हणाले. "तुझ्या मायनं काल चालवली."

सत्यमनं कडवट हसून तोंड फिरवलं. "आता चेष्टा पण करा."

सरूबाईंनी एक सुस्कारा टाकला. "जाकीट दे," त्या लेकाला म्हणाल्या. "बघ नीट. नुसता जोर लावतूस तू. वारं यायच्या आदी वढतूस. थांबायचं."

त्या उभ्या राहिल्या आणि थांबल्या. एवढा वेळ थांबल्या की सत्यम काही बोलणार होता. तेवढ्यात पाण्यावर दूर एक काळसर सुरकुती उमटली, सरकत सरकत जवळ आली, शिडात शिरली, आणि सरूबाई मागं रेलून निघाल्या. काल तळं होतं, संपलं होतं. आज पाणी संपत नव्हतं. लुगड्याचा पदर मागं फडफडत होता, नारिंगी जाकीट लहान लहान होत गेलं, बगळ्यांचा थवा उठला आणि त्यांच्या डोक्यावरून वळला. तलावाच्या मध्याला त्यांनी शीड जरासं मागं कलतं केलं, तशी फळी वाऱ्याकडं तोंड करून वळली. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

त्या परत आल्या, काठापासून दहा हातांवरून गेल्या. थांबल्या नाहीत. "वारं हाय तवर एक चक्कर!" एवढंच ऐकू आलं.

सत्यम मोबाइलवर फोटो काढायचंही विसरला होता. तो हळूहळू मागं सरकला आणि तात्यासाहेबांच्या शेजारी, खांद्याला खांदा लागेल असा बसला.

"तात्या, मायला हे कधीपासून येतं?"

"कालपासून."

ऊन वर आलं. एका चकरेच्या चार झाल्या.

"वारं पडलं की यील ती," तात्यासाहेब समजुतीच्या सुरात म्हणाले. "मग तुझा नंबर."

सत्यमनं पाण्यावरची नजर काढली नाही.

"वारं नको पडायला," तो म्हणाला.