आमच्या ह्यांना काही झालं नव्हतं

मुंबईच्या इस्पितळात पाच वर्षं आया होते मी. पेशंट कुशीवर कसा वळवायचा, न जेवणाऱ्याला पेज कशी भरवायची, हे मला कुणी शिकवू नये! बोर्ली पंचतनच्या अलीकडे आमचं गाव. तिथे परत आले आणि घरोघर जाऊन आजारी माणसं सांभाळायला लागले. पण वाड्या चार आणि मी एकटी. म्हणून शिमग्याच्या आधी थेट गावकीच्या बैठकीत उभी राहिले.

"रावजीदादा," मी गावच्या पुढाऱ्यांना म्हटलं, "मला चार बायका द्या. तीन दिवसांत अशा तयार करते की डॉक्टरला नुसती नाडी बघायचं काम उरेल."

बायका मिळाल्या, पेशंट मिळेना. खऱ्या आजाऱ्यांनी शिकाऊ हातांत जायला साफ नकार दिला. तेव्हा मी आमच्या ह्यांना धरलं. रेड्यासारखी तब्येत.

"तीन दिवस नुसतं पडायचं," मी म्हटलं.

"आणि पालखी?"

पालखीत ह्यांचा जीव. शिमग्यात देवीच्या पालखीच्या पुढच्या दांड्याला आमच्या घराचा खांदा. सासऱ्यांचा होता, आजेसासऱ्यांचा होता.

"ती चौथ्या दिवशी निघते. तवर उठाल की."

रोज कोंबडीचा रस्सा कबूल केला, तेव्हा कुठे आडवे झाले.

खरं काय ते फक्त रावजीदादांना ठाऊक. बायकांना कळलं असतं तर तीन दिवस खिदळण्यातच गेले असते. त्यांना सांगितलं, हे कमरेतून गेलेत.

काय शिकल्या हो त्या! त्यातही केसर भारी हुशार. कमरेच्या माणसाला जड नको म्हणून तिने पहिल्याच दिवशी रस्सा परत पाठवला आणि ह्यांना पेज पाजली. हे माझ्याकडे असे बघत होते की मी चुलीपाशी निघून गेले.

तिसऱ्या दिवशी शेवटचा धडा दिला. "पेशंटला कधी भ्रम होतो. मला काय झालं न्हाय म्हणत उठून पळतो. वाद घालायचा नाही. चौघींनी दोन हात, दोन पाय धरायचे आणि गोड बोलत अंथरुणावर आणायचं. घरचं माणूस मध्ये पडलं तरी ऐकायचं नाही. मायेपोटी घरच्यांना आजार दिसत नाही."

केसरने धडा दोनदा म्हणून दाखवला.

त्याच दुपारी शेजारची गोदू धापा टाकत आली. "काकी, गावकी बसली व्हती. येसाजीकाका अंथरुणाला खिळले म्हणून औंदा खांदा काळूरामाला दिला."

माझ्या हातातली वाटीच पडली. काळूराम ह्यांचा चुलतभाऊ. बारा वर्षं दांड्याला नुसता हात लावून चालायचा.

"रावजीदादा कुठं हायत?"

"गॅसबत्त्या आणाया म्हसळ्याला गेलेत. उद्या येतील."

हे ताडकन उठले. "मला काय झालं न्हाय!" म्हणत दाराकडे धावले.

केसरने बाकीच्या तिघींकडे नुसतं बघितलं. दोन हात, दोन पाय! एवढा धिप्पाड गडी, पण माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी तो अलगद उचलला. "व्हय काका, तुम्हांला काय झालं न्हाय. पडा बघू."

"सोडा गं त्यांना," मी ओरडले. "खोटं बोलले मी. ते धडधाकट हायत!"

केसरने माझ्या पाठीवरून हात फिरवला. "व्हय काकी. माया असते माणसाची." आणि मला अंगणात नेऊन बसवलं. शिकवावं तर इतकं चांगलं शिकवू नये.

रावजीदादा उगवले ते दुसऱ्या दिवशी पालखी उठल्यावर. सगळं ऐकून त्यांनी डोक्याला हात लावला. "दिलेला मान वाटेत कसा काढू, भागूबाई?"

पालखी आमच्या अंगणात आली. हे ओटीवर, शेजारी केसर आणि बाकीच्या तिघींचा पहारा. ह्यांच्या डोळ्यांत पाणी बघून मला भडभडून आलं. माझ्या हुशारीपायी तीन पिढ्यांचा खांदा गेला होता.

ढोल वाजला, पालखी नाचायला लागली आणि काळूराम भावजींनी एकदम कंबर धरली. तोंड वाकडं झालं. सवय होती कुठे त्यांना वजनाची?

"काय झालं रे?" रावजीदादांनी विचारलं.

"मला काय झालं न्हाय," भावजी दात आवळून म्हणाले.

हे शांतपणे वळले. "केसर, ऐकलंस ना?"

चौघी उठल्या. दोन हात, दोन पाय! भावजी ओरडत आमच्या ओटीवर गेले, इकडे दांडा कलला. "खांदा द्या कुणीतरी," रावजीदादा ओरडले. ह्यांनी एका उडीत खांदा दिला. अडवणार कोण? चौघींचे हात गुंतलेले होते.

आता गाव म्हणतं, देवीने येसाजीला अंगणात उभं केलं. माझं नाव कुणी घेत नाही. भावजी अजून पेजेवर आहेत.

परवा मला जरा कणकण आली. ह्यांनी विचारलं तेव्हा "मला काय झालं न्हाय" अगदी जिभेवर आलं होतं. तेवढ्यात दारात केसर दिसली.

"फार बरं नाही गं," म्हटलं आणि मुकाट्याने आडवी झाले.