दर्शनी खिडकी

एका जंगलात, बाळांनो, झाडं कमी आणि पानं जास्त झाली होती.

ही पानं झाडाची नव्हेत, उजेडाची. पंज्यात मावेल एवढी, गुळगुळीत, आणि प्रत्येकात सगळं जंगल दिसायचं. वानरबंधू नावाचे दोघे भाऊ ती वाटत हिंडायचे. सशाकडे पान होतं, सापाकडे होतं. पाणवठ्यावर वाघ आला तरी हरणं मान वर न करता म्हणायची, जरा थांबा हं, एवढं बघून होऊ दे. वाघही थांबायचा. त्याचंही बघून व्हायचं असायचं.

तुमच्या हातातलं खाली ठेवा. हं. आता ऐका.

त्या जंगलात धनेशांच्या घरात शाल्मली नावाची नवी सून आली होती. धनेश म्हणजे तो मोठ्या पिवळ्या चोचीचा, उडताना वाफेच्या इंजिनासारखा आवाज करणारा पक्षी. शाल्मली मात्र गप्प होती. लग्नात सगळे बोलत होते तेव्हा ती बघत होती. कोण कोणाचं उंबर पळवतो, कोण कोणाच्या पिसांना नावं ठेवतो, सगळं तिच्या मनात नोंदलं जायचं आणि तिथेच तिचं हसू व्हायचं. पानात मान घालून बसणाऱ्या जावांना पाहून तर तिला फारच हसू यायचं. आपण तसल्या नाही, असं ती दिवसातून सातआठदा स्वतःला सांगायची. इतक्यांदा का सांगावं लागतं, हे मात्र तिनं स्वतःला कधी विचारलं नाही.

आता धनेशांची एक रीत आहे. अंडं घालायची वेळ आली की बायको झाडाच्या ढोलीत जाऊन बसते आणि आतून दार लिंपून घेते. माती, फळांचा गर आणि स्वतःची विष्ठा. नाकं मुरडू नका, तुमची घरं कशानं बांधलीत ते मी विचारलेलं नाही. भिंतीत एकच फट ठेवायची, चोचीएवढी. त्या फटीतून नवऱ्यानं एकेक उंबर द्यायचं. आत बायकोची पिसं गळतात, तिला उडता येत नाही. पिल्लू मोठं होईपर्यंत ती, अंडं आणि भिंत. भिंत नसली तर कुणीही यावं आणि अंडं खाऊन जावं.

सासूबाईंनी शाल्मलीला ढोलीपर्यंत सोडलं आणि एवढंच सांगितलं, की फट चोचीएवढीच ठेव, वाटलं तर थोडी कमी ठेव, पण जास्त नको. सासूबाई पाच भिंतींच्या आत बसून आल्या होत्या. शाल्मलीनं मान डोलावली आणि मनात म्हटलं, एवढं काय सांगायचं त्यात.

तिचा नवरा दिगंबर भला होता. बायको दोनअडीच महिने अंधारात एकटी बसणार म्हणून त्याचा जीव तुटत होता. फट लिंपायच्या आधी त्यानं एक पान आत सरकवलं.

"अहो, मला कशाला?" शाल्मली म्हणाली.

"असू दे. करमणूक होईल. तू काय त्यातली नाहीस."

"मी त्यातली नाहीच," शाल्मली म्हणाली आणि भिंत पुरी केली.

पहिले तीन दिवस तिनं पान पालथं ठेवलं. चौथ्या दिवशी वेळ बघायला उताणं केलं. ढोलीत बसलेल्या बाईला वेळ कशाला हवी, असं तुम्ही म्हणाल. तिलाही तसंच वाटलं, पण तोवर पलीकडच्या दरीतली चंद्रिका दिसायला लागली होती.

चंद्रिकासुद्धा धनेशच. तीही ढोलीत बसली होती. पण काय ती ढोली. भिंतीवर ओल्या मातीची वेलबुट्टी, अंड्याखाली सावरीचा कापूस, आणि फट कुठेच नाही. फटीच्या जागी ऐसपैस चौकट होती. तिच्यातून सकाळचं ऊन अंड्यावर असं पडायचं की अंडं नव्हे, चांदीचा गडू वाटावा. चंद्रिका मंद हसायची आणि सांगायची, की भिंतीच्या आत असलो म्हणून मनानं भिंतीत राहायचं नसतं. मग वानरबंधूंच्या दर्शनी चौकटीची जाहिरात यायची. फट कसली ठेवता, खिडकी ठेवा. बाजूला खाच, तिच्यात पान अडकवा, आणि आपलं सुख जगाला दाखवा.

शाल्मलीनं नाक उडवलं. किती खोटं आहे सगळं. खोटं नक्की किती आहे हे नीट कळावं म्हणून तिनं ते आणखी अकरा वेळा पाहिलं.

मग अंडं आलं. एकच, पांढरं, गरम. शाल्मलीला रडू आलं. त्या क्षणी तिला दुसरं काहीही नको होतं. क्षण बराच मोठा होता. तो संपल्यावर तिला वाटलं, हे कुणाला तरी दाखवावं.

तिनं दाखवलं. जंगलात कुणाला काही आवडलं की पानावर चोच मारायची पद्धत होती. ज्यांना चोच नव्हती ते जीभ लावायचे. शाल्मलीच्या अंड्याला चोची मिळाल्या नऊ. त्यातली एक दिगंबरची. चंद्रिकेच्या अंड्याला बाराशे.

"तुझ्या अंड्यात काही कमी नाही," दिगंबर फटीतून म्हणाला. "उजेड कमी पडतोय."

 दुपारभर शाल्मलीची चोच फटीच्या कडेनं फिरत राहिली. भिंत चांगली वाळली होती. एक ढलपी निघाली. उजेड जरासा वाढला. आणखी एक निघाली. आपण भिंत पाडत नाही आहोत, फक्त कडा सारखी करतो आहोत, असं ती स्वतःला सांगत होती. आठ दिवसांत कडा इतकी सारखी झाली की तिच्यात वानरबंधूंची दर्शनी चौकट तंतोतंत बसली. दिगंबरनंच आणून दिली. तो खूश होता, कारण बायको खूश होती.

मग चोची वाढल्या. चाळीस. नव्वद. दिगंबर उंबर द्यायला आला की शाल्मली म्हणायची, थांबा, पुन्हा द्या, नीट आलं नाही. तो उंबर परत गिळायचा आणि पुन्हा काढायचा. तिसऱ्यांदा उंबर खाली पडायचं. अंड्यावर बसणं कमी होत होतं, हे तिला कळत होतं. अंडं बाजूला सरकवून त्याच्यावर ऊन पाडायचं म्हणजे ते गार पडायचं. ती लगेच त्याच्यावर बसायची, त्याला पुन्हा ऊब द्यायची, मनातल्या मनात त्याची माफी मागायची, आणि ही माफी पानावर किती छान दिसेल असा विचार मनात आला की स्वतःचीच लाज वाटून डोळे मिटायची. एक डोळा.

रोज एक प्रेक्षक न चुकता जीभ लावून जायचा. नाव लिहिलेलं असायचं, एक हितचिंतक. खाली प्रेमानं विचारलेलं असायचं, अंडं कसं आहे गं? झाड कोणतं म्हणालीस? शाल्मलीला भरून यायचं. सख्ख्या नणंदेनं एवढी चौकशी केली नव्हती. तिनं झाड सांगितलं. ओढ्याच्या वळणावरचा बेहडा.

एका सकाळी चंद्रिकेनं सांगितलं, की लाल उंबर पानावर काळं दिसतं, जांभळट उंबर आणावं. जांभळट उंबर तीन डोंगर पलीकडे मिळायचं. शाल्मलीनं दिगंबरला तसं सांगितलं. तो लगेच उडाला. त्याच्या पंखांचा आवाज लांब जाऊन थांबला, आणि दुपारच्या सुमारास खिडकीत ऊन पडायचं बंद झालं.

ढग आला असेल म्हणून शाल्मलीनं वर पाहिलं. चौकटीत एक डोकं होतं. चपटं, खवल्यांचं. लांब दुभंगलेली जीभ एकदा बाहेर आली आणि आत गेली. ती घोरपड होती.

"ओळखलं नाहीस?" घोरपड म्हणाली. "मी रोज बघते तुला."

शाल्मली पंख पसरायला गेली तर पंखात पिसंच नव्हती. तिनं अंडं पोटाखाली ओढलं. नवी सून असल्यामुळे अशा वेळीही तिच्या तोंडून आधी अगत्यच निघालं.

"या ना मावशी," ती म्हणाली. "म्हणजे, येऊ नका."

"अगं, लांबून पाहून पाहून जीव भरला. म्हटलं एकदा प्रत्यक्ष बघावं. पानावर थोडं लहान वाटतं." घोरपडीनं मान आत घातली. चौकट तिच्या मापाचीच होती.

शाल्मलीनं चोच मारली. घोरपडीनं मान मागे घेतली, पण गेली नाही. तिला घाई नव्हती. पिसं नसलेला पक्षी कुठे जाणार, आणि नवरा जांभळ्या उंबराला गेलाय हे तिनं सकाळीच पानावर पाहिलं होतं.

भिंत हवी होती. आत्ता, या क्षणी. माती नव्हती, माती आणणारा तीन डोंगर पलीकडे. जवळ होतं ते कालचं उंबर, आपली विष्ठा, आणि पान. शाल्मलीनं पान उचललं. ज्या खाचेत ते आत तोंड करून बसायचं त्याच खाचेत, घाईमुळे म्हणा किंवा अक्कल आल्यामुळे म्हणा, ते चौकट झाकून उलटं बसलं. उजेड बाहेर, पाठ आत. खाली चोचीएवढी फट राहिली. कडांना तिनं गर आणि विष्ठा थापायला सुरुवात केली. तिला ठाऊक होतं, हे ओलं आहे. घोरपडीनं एक पंजा मारला तरी सगळं गळून पडेल.

ती पंज्याची वाट बघत अंड्यावर बसली.

पंजा पडला नाही. बाहेरून गाण्याचा आवाज आला. दुपारची मालिका सुरू झाली होती. सावत्र सासूनं सुनेला ढोलीत कोंडलंय आणि सुनेची जुळी बहीण तिच्या नवऱ्यासमोर उभी आहे, असं त्या दिवशीचं कथानक होतं. घोरपड फांदीवर बसली. मध्ये चौकटीची जाहिरात झाली. ती बसून राहिली. दुसऱ्या मालिकेचं गाणं लागलं. ऊन सरकलं, लिंपण वाळलं, कडकडीत झालं. घोरपडीला त्याची खबर नव्हती.

आत शाल्मलीला फक्त आवाज ऐकू येत होता. जीव वाचला होता, अंडं गरम होतं. तिनं देवाचे आभार मानले. मग बराच वेळ तिनं स्वतःला आवरलं. नाही आवरलं गेलं.

"मावशी," ती फटीतून हळूच म्हणाली, "मग त्यानं ओळखलं का, ही ती नव्हे ते?"

"छे. डोळ्यांत डोळे घालून बघतो मेला, तरी ओळखत नाही," घोरपड म्हणाली. "गप्प बस, आता सासू आलीय."

दिगंबर संध्याकाळी आला तेव्हा त्याची चोच जांभळी आणि डोळे पांढरे झाले. पण घोरपडीनं त्याच्याकडे बघितलंच नाही. तो तिच्या डोक्यावरून वाकून उंबर देऊ लागला. लाल, कसलंही. शाल्मली एकदाच घ्यायची आणि खायची. घोरपड रोज यायची. ती बसलेली दिसली की साप, उदमांजर कुणीच त्या फांदीकडे फिरकायचं नाही. एवढी कडक राखण त्या जंगलात दुसऱ्या कुठल्याच ढोलीला नव्हती. आणि मधूनमधून, जाहिरातीच्या वेळात, घोरपड आतल्या बाईला गोष्ट सांगायची. सांगायची मात्र छान.

यथावकाश अंडं फुटलं. पिल्लू झालं, त्याला पिसं आली, शाल्मलीलाही आली. एका सकाळी तिनं आतून भिंत फोडली. पान तसंच चौकटीत लोंबत राहिलं. आधी पिल्लू बाहेर आलं, गुबगुबीत, मऊ, थेट घोरपडीच्या नाकासमोर.

शाल्मलीनं त्याला मागे ओढायला चोच पुढे केली.

"सरक रे बाजूला," घोरपड म्हणाली. "दिसत नाहीये."

पिल्लू सरकलं. शाल्मली बाहेर आली, फांदीवर उभी राहिली. खाली ओढा होता, वर आभाळ होतं, समोर दिगंबर वाट बघत होता. आता उडायचंच होतं तिला. पंखही उघडले होते. तेवढ्यात जाहिरात संपली, आणि कितीतरी दिवस नुसती ऐकलेली ती जुळी बहीण पहिल्यांदाच समोर दिसली.

शेवटी पिल्लानंच तिला शेपटीला धरून ओढत नेलं.

तात्पर्य: पानाला उगाच नावं ठेवू नयेत. फक्त त्याचं तोंड शत्रूकडे आणि पाठ आपल्याकडे करून ठेवावी. अगदीच राहवलं नाही, तर पुढे काय झालं ते शत्रूला अदबीनं विचारावं.