बाबांचा उजवा कान

पहिलं गाणं सुरू झालं आणि काहीच ऐकू आलं नाही. समीक्षकाने वहीत लिहिलं : ‘शांततेने सुरुवात करण्याचं धाडस.’

‘गंजलेला जिना’ या बँडचा नवा अल्बम होता. त्यांचा मागचा अल्बम फ्रिजच्या घरघरीने सुरू झाला होता, त्यामुळे समीक्षकाला नवल वाटलं नाही. लिंक एकदाच वाजणार होती, नंतर बंद. आणि संपादकबाईंनी सकाळीच बजावलं होतं, “पाचच्या आत मजकूर आला नाही, तर तुझी जागा राशिभविष्यवाल्याला. तो कधीच उशीर करत नाही. त्याला आधीच माहीत असतं.”

दुसरं गाणंही शांत होतं. फक्त कुणाचा तरी श्वास. ‘अत्यंत जवळून केलेलं ध्वनिमुद्रण,’ त्याने लिहिलं. तो श्वास त्याचाच होता. हळूहळू त्याला घाम फुटायला लागला. अख्खं जग या अल्बमवर नाचणार आणि आपल्यालाच तो कळत नाहीये, म्हणजे आपण संपलो. पाचव्या गाण्यात ठकठक आली. तो आनंदाने शहारला. मग त्या ठकठकीने त्याच्या डोक्यावरचा हेडफोन ओढून काढला.

“अरे, कधीची दार वाजवतेय!” बायको म्हणाली. “बाबा बाथरूममध्ये जाऊन बसलेत. दार उघडत नाहीत, बोलत नाहीत.”

“हळू! पाचवं गाणं चालू आहे.”

तिने हेडफोन कानाला लावला. “हा चालूच नाहीये.”

समीक्षकाने मोबाइल पाहिला. पडद्यावर लिहिलं होतं : ‘जोडलेले उपकरण – बाबांचा उजवा कान.’

बाबा म्हणजे त्याचे सासरे, निवृत्त हेडमास्तर. गेल्याच आठवड्यात त्यांना दोन्ही कानांसाठी नवी श्रवणयंत्रं आणली होती. जावयाने त्यातलं उजवं हौसेने आपल्या मोबाइलला जोडून, नाव देऊन चालतं का ते पाहिलं होतं. जोडणी तोडायची मात्र राहून गेली.

“बंद कर!” बायको किंचाळली.

“बंद केलं की लिंक मेली!”

“आणि नाही केलं की माझे बाबा!”

या झटापटीत कुणाचा तरी अंगठा लागला. पडद्यावर अक्षरं उमटली : ‘आपला अनुभव संपला आहे. धन्यवाद.’

साडेचार वाजले होते. साऱ्या शहरात हा अल्बम ऐकलेला एकच माणूस त्याच्या माहितीचा होता आणि तो आतून कडी लावून बसला होता.

“बाबा,” समीक्षक दाराला तोंड लावून म्हणाला, “काय होतंय?”

आतून दबका आवाज आला, “जावई, एकटेच आहात ना?”

“हो,” समीक्षक म्हणाला. बायकोने त्याला चिमटा काढला.

“मला आवाज ऐकू येत होते. आत्ता थांबलेत. डॉक्टरला सांगू नका. ते मला कुठेतरी ठेवून देतील.”

“सांग त्यांना,” बायको कुजबुजली. “आत्ताच्या आत्ता.”

“पाचनंतर,” समीक्षक कुजबुजला आणि वही उघडली. “बाबा, कसले आवाज? अगदी पहिल्यापासून सांगा.”

“स्टीलचं कपाट जिन्यावरून ढकलल्यासारखा.”

“एकदाच?”

“पुन्हा पुन्हा. पण तालात.”

“वा! म्हणजे, अरेरे. मग?”

“मग एक माणूस ओरडायला लागला, ‘मला जाऊ दे, मला जाऊ दे!’ म्हटलं, जा की बाबा, मी कुठे धरलंय!”

“पण यंत्र काढून का नाही पाहिलंत?”

“हिंमत झाली नाही. काढल्यावरही ऐकू आलं असतं तर?”

समीक्षकाचं पेन क्षणभर थांबलं. बायको भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

“चौथ्या खेपेला मात्र सगळे दमले,” बाबा हळूच म्हणाले. “एक बाई आली. अगदी हलक्या आवाजात गायली. मी रडलो. वाटलं, लागलंय वेड तर लागू दे.” मग कडी वाजली. “तुम्ही आज पहिल्यांदाच माझं इतकं मन लावून ऐकलंत, जावई.”

यानंतर खरं सांगणं अवघडच होतं. बाबांना गोळी देऊन झोपवलं, मजकूर पाचच्या ठोक्याला गेला. संपादकबाईंचं उत्तर आलं, ‘पहिल्यांदाच वाटलं, तू खरंच ऐकून लिहिलंस.’

सकाळी उठल्याबरोबर सांगायचं असं ठरलं. पण पेपर त्याच्याआधी उठला.

बाबा टेबलाशी बसून मोठ्याने वाचत होते. “‘स्टीलचं कपाट जिन्यावरून ढकलावं, पण तालात.’” ते थांबले. पुढचं त्यांनी मनात वाचलं. बायकोचा कप हवेतच राहिला. समीक्षक दारापर्यंतचं अंतर मोजू लागला.

बाबांनी पेपराची नीट घडी घातली.

“म्हणजे मला वेड लागलेलं नाही.”

“नाही, बाबा. माझंच चुकलं...”

“चुकलंच. चौथ्या गाण्याला दोनच ओळी? आणि मी रडलो ते गाळलंत.”

“तुम्हाला संकोच वाटेल म्हणून...”

“मोबाइल आणा. अल्बम आजपासून सगळ्यांना ऐकता येईल, असं इथे छापलंय.”

समीक्षकाने मोबाइल पुढे केला. बाबांनी दोन्ही कानांतली यंत्रं नीट बसवली आणि हेडमास्तरांच्या आवाजात म्हणाले, “डावा कानही जोडा. एका कानाने ऐकून निकाल देणं मला पटत नाही.”