रिकाम्या भिंतीवरचा चौकोन

“या डोळ्यांतून काही सुटत नाही!” असं फोकसराव दिवसातून एकदा तरी म्हणायचेच. विमा कंपनीसाठी ते नुकसानीची पाहणी करत. चेपलेली गाडी, जळलेलं गोदाम, तडकलेला स्लॅब, जे असेल त्याचे फोटो काढायचे आणि अहवाल लिहायचा. फोटोंचं वेड इतकं की कचेरीनं त्यांचं खरं नाव विसरून त्यांना फोकसराव करून टाकलं होतं.

हे नवं घरही त्यांच्याच डोळ्यांनी पसंत केलेलं. बायकोची अट एकच होती, ओल नको. ती जुनी पुस्तकं दुरुस्त करून, बांधून द्यायची, आणि आधीच्या घरातल्या ओलीनं एका वाचनालयाची अख्खी चळत बुरसली होती.

“इथे ओल निघाली ना, तर पुस्तकं उचलून मी आईकडे जाईन. थट्टा नाही!”

“अगं, दुसऱ्यांच्या घरातली ओल मी जिन्यात उभं राहून ओळखतो! हे घर ठणठणीत कोरडं आहे!”

सामान लागायच्या आतच फोकसरावांनी स्वतःला बक्षीस दिलं, कॅमेऱ्याची नवी बॉडी! दुकानदारानं सोबत दोन लेन्सही दिल्या, एक रुंद दृश्याची, एक लांबचं जवळ आणणारी. “घरी वापरून बघा, पटेल ती ठेवा.” या बॉडीची खुबी म्हणजे समोर माणसाचा चेहरा दिसला की स्क्रीनवर त्याभोवती आपोआप चौकोन उमटायचा. फोकस चुकायची सोयच नाही!

फोकसरावांनी बेडरूममध्ये जाऊन रुंद लेन्स चढवली. बायको बाहेर पुस्तकं चिकटवायला खळ कालवत होती. खोलीत पलंग, बंद खोकी आणि नवा रंग दिलेली कोरी भिंत. त्यांनी कॅमेरा भिंतीकडे वळवला आणि टिंग! चौकोन उमटला.

भिंतीवर. जिथे कोणीही नव्हतं तिथे.

त्यांनी मागे वळून पाहिलं. कोणी नाही. कॅमेरा डावीकडे नेला, उजवीकडे नेला. चौकोन भिंतीवरच्या त्याच जागेला चिकटून. लेन्सचा दोष असेल, अशी स्वतःची समजूत घालून फोकसरावांनी लांबची लेन्स लावली. चौकोन आक्रसला आणि त्या न दिसणाऱ्या चेहऱ्याच्या थेट डोळ्यावर जाऊन बसला. डाव्या!

त्यांनी तिथूनच दुकानदाराला फोन लावला. “अहो, हा चौकोन कधी चुकतो का हो?”

“चुकतो? साहेब, अर्धा चेहरा असला तरी पकडतो! अंधारातसुद्धा!”

“आणि समोर चेहराच नसेल तर?”

“तुम्हाला दिसत नसेल, साहेब. त्याला दिसतो!”

फोकसरावांची पाचावर धारण बसली. गेली कित्येक वर्षं ते जळालेल्या, पडलेल्या घरांतून एकटे हिंडले होते, पण त्या घरांत त्यांना झोपायचं नव्हतं. इथे पलंग त्याच भिंतीला लावलेला! बायकोला कळलं तर ती आजच आईकडे जाईल. आणि ती गेली की घरात राहणार कोण? आपण आणि हा!

त्यांनी भिंतीपुढे हात जोडले. “हे बघा, आम्ही साधी माणसं आहोत. तुमच्या वाटेला जाणार नाही. पलंगसुद्धा सरकवतो!”

“कोणाशी बोलताय?” दारातून बायको.

“फोनवर! कचेरीतून!”

“फोन खिशात आहे तुमच्या.”

“ठेवला आत्ताच! बरं, आपण हॉलमध्ये झोपायचं का? वारा छान येतो.”

“झोपा की. मला तर ही खोली पुस्तकांनाच हवीय.” असं म्हणून ती पुस्तकांचं रॅक ढकलत आत घेऊन आली. थेट त्या भिंतीकडे! वाचनालयानं पुन्हा एकदा विश्वासानं दिलेली पुस्तकं त्यात खचाखच भरलेली.

“तिथे नको!” फोकसराव रॅकला आडवे झाले.

“का?”

“तिथे... तिथे कोणीतरी आहे.”

त्यांनी स्क्रीन पुढे केला. बायकोनं चौकोन पाहिला, भिंत पाहिली आणि फोकसरावांचा दंड असा धरला की त्यात बोटं रुतली. “अगं बाई! आणि मी सकाळपासून इथे एकटी खोकी फोडत होते!”

“फोटो काढून मोठा करून बघू या,” फोकसराव कसेबसे म्हणाले. “कोण आहे ते तरी कळेल.”

खटकन फोटो निघाला. त्यांनी तो मोठा केला, आणखी मोठा केला. दोन डोळे दिसले. ती लांबी भरून बुजवलेली खिळ्यांची भोकं निघाली. खाली तोंड दिसलं. वाकडं, ओघळलेलं, कडेनं पिवळट. असली तोंडं फोकसरावांनी अहवालासाठी शेकड्यांनी टिपली होती. त्यांचा जीव भांड्यात पडला.

“अगं, भूत कसलं! ओल आहे, ओल!” ते नाचायचेच बाकी राहिले. “वरच्या मजल्याचा पाइप फुटलाय! चांगली महिनाभर मुरलेली आहे बघ, वरून रंग मारून दाबलीय! माझ्या डोळ्यांतून काही...”

दंडावरची बोटं सुटली होती. बायको पुढे झाली, तिनं भिंतीला तळहात लावला आणि तो ओला हात निरखून पाहिला.

“बाकीच्या भिंती यातून दाखवा,” ती अगदी शांतपणे म्हणाली. फोकसरावांना त्या शांतपणाची भुतापेक्षा जास्त भीती वाटली.

“अगं, आत्ता कशाला...”

“दाखवा.”

त्यांनी कॅमेरा उचलला. हॉलची भिंत, काही नाही. पॅसेज, काही नाही. प्रत्येक कोऱ्या भिंतीगणिक त्यांचा श्वास थोडा मोकळा होत गेला. मागून बायको येत होती, हातात पुस्तकांचा पहिला गठ्ठा घेऊन. ते स्वयंपाकघराच्या दारात पोचले, लेन्स भिंतीकडे वळवली आणि टिंग!

फोकसरावांनी डोळे गच्च मिटले.

“देवा,” ते पुटपुटले, “हे तरी भूत असू दे!”