शेजारधर्माचं हसू

आमच्या काळाचौकीच्या चाळीत परबकाका मोबाइलवर एखादी गमतीदार जाहिरात पाठवतात आणि पाठोपाठ स्वतः येतात. मेसेज आधी पोचतो की काका, ते त्यांच्या गुडघ्यांवर अवलंबून. दारात उभे राहून म्हणतात, "माझ्यासमोर बघ."

मग आपण फोनकडे बघायचं आणि काकांनी आपल्या ओठांकडे. स्वतः ते कधीच हसत नाहीत. हसायची ऐन जागा जवळ आली की पुटपुटतात, "थांब गो, आता येतला." येतला म्हणजे हसू. नाही आलं तर जाहिरात नापास. ओढूनताणून आणलं तर लगेच ओळखतात. "ह्या शेजारधर्माचा हसू. माका नको."

सुटका व्हावी म्हणून माझ्या नवऱ्याने एकदा आधीच खो खो हसून घेतलं. काका शांतपणे म्हणाले, "अजून सुरूच झाली नाय." सासूबाई तर त्यांची चाहूल लागली की डोळे मिटून घेतात. काका गॅलरीत स्टूल टाकून त्या उठायची वाट बघतात.

पास झालेल्या जाहिरातीचं पुढे काय होतं, ते मला त्यांचा फोन अडकला तेव्हा कळलं. नीट करायला तो त्यांनी माझ्या हातात दिला. 'बेबी' या नावाखाली जाहिरातींची रांग. प्रत्येकीवर बघितल्याची निळी खूण, उत्तर मात्र एकही नाही.

बेबी म्हणजे त्यांची मुलगी मेधा. अँटॉप हिलला राहते, म्हटलं तर हाकेच्या अंतरावर. तिने आपल्या मनाने लग्न केलं तेव्हा काका नको ते बोलले, आणि बापलेकीचं बोलणं तुटलं.

"लहानपणी जेवताना सगळ्या जाहिराती म्हणून दाखवायची," काका म्हणाले. "माफी मागूक गेलंय तर परत कायतरी चुकीचा बोलतलंय. त्यापेक्षा हसवतंय. पण एक जरी फुसकी गेली तर पुढची ती उघडूची नाय. म्हणान आधी तुमका दाखवतंय."

मीठ बघायला आमटी तळहातावर घ्यावी, तसे आम्ही. मला फार वाईट वाटलं. त्या दिवसापासून मी शेजारधर्माचं हसू बंद केलं.

गेल्या आठवड्यात छत्रीची एक जुनी जाहिरात आली. सासूबाई झोपेचं सोंग विसरून हसल्या. पास.

काल सकाळी काका आले. फोन माझ्यापुढे धरला. बेबीचं उत्तर होतं : 'बाबा, यात शेवटची ओळ कापलीय. मला पाठ आहे.'

"रागान लिवल्यान काय गो?"

"विचारा ना तिलाच. कुठली ओळ ते विचारा."

काकांनी फोन लावला. घाईत चुकून स्पीकर सुरू झाला. "बेबी, खंयची ओळ?" पलीकडून मेधाने ती ओळ म्हटली, शाळकरी मुलीसारखी, हेल काढून.

मी काकांच्या ओठांकडे बघत राहिले. आधी डोळे भरले. मग आलं.