रांगोळीतला चौथा तुकडा

दिशाला जर्मनीत दोन वर्षं संशोधन करायला बोलावणं आलं होतं आणि उद्यापर्यंत होकार कळवायचा होता. वडील गोरक्ष म्हणाले, आबांना विचार. आबा म्हणजे तिचे आजोबा, भीमाआबा. घोडेगावच्या बाजारात म्हशींची दलाली करण्यात त्यांची हयात गेली होती आणि नीट कळल्याशिवाय ते कशालाच हो म्हणत नसत. पंचाईत अशी, की दिशाचं काम घरात कुणालाच कळलेलं नव्हतं.

तिने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. दोन-तीन रेणू एकमेकांना धरून बसतात, पण इतके लहान की दिसत नाहीत. त्यांच्यावर जबरदस्त लेसर मारायचा. ते फुटून सरळ रेषेत उडतात. कुठला तुकडा कुठे पोचला यावरून आधी कोण कुठे बसलं होतं, ते काढायचं.

आबांनी नकारार्थी मान हलवली.

"जनावर घेताना मी दात बघतो," ते म्हणाले. "म्हस फोडून बघत न्हाई."

शेवटी दिशाने प्रयोगच मांडला. दारापुढच्या ओट्यावर रांगोळी चाळून पसरली. मधोमध दिवाळीतला उरलेला सुतळी बॉम्ब आणि त्याला खेटून कणकेचे तीन गोळे, हळदीचा, कुंकवाचा आणि निळीचा. आबांनी कडेला पाटावर भिंतीकडे तोंड करून बसायचं आणि नंतर खुणा बघून गोळे कसे मांडले होते ते सांगायचं, असं ठरलं. बाकीचे दाराआड उभे राहिले. वात पेटली, बॉम्ब वाजला, गोठ्यातली म्हैस रेकली.

धूर विरल्यावर आबा वाकून बघू लागले.

"चार हुते."

"तीनच होते, आबा."

"हळद, कुकू, नीळ. आन् ह्यो तपकिरी चौथा. तू ठेवले तीन, तुझं शास्त्र दावतंय चार. असल्या भरवशावर पोरीला परदेशी धाडू व्हय?"

खरंच तिथे तपकिरी चुरा होता. दिशाने गोळे मनातल्या मनात पुन्हा मोजले. गोरक्ष तर बोटांवर मोजत होते. डोळ्यांदेखत जर्मनी हातची चालली होती आणि तिला रडू यायला लागलं.

तिची आई चांगुणा दाराआडून पुढे आली. "तुकडा सरळ उडतो म्हनलीस न्हवं?" ती म्हणाली. "मग उलटं जाऊन बघू की."

तिने रांगोळीत उमटलेल्या एकेका रेघेवर दोरा धरून मागे ताणला. हळद, कुंकू, नीळ, तिन्हींच्या रेघा बॉम्बच्या जागी पोचल्या. चौथी मात्र बॉम्बकडे न जाता, हातभर लांबून, थेट आबांच्या पाटापाशी गेली. चांगुणाने चुरा जिभेला लावला.

"पेढा हाय."

डॉक्टरांनी आबांचं गोड बंद केल्याला वर्ष झालं होतं. सगळ्यांची नजर वातीवर असताना, भिंतीकडे तोंड करून, आबांनी तेवढ्यात साधून घेतलं होतं. आवाजाने दचकले आणि पेढा हातातून उडाला. पेढा घरात आणला कुणी, हे चांगुणाने अजून विचारलंही नव्हतं, तोवर गोरक्षांना म्हशीला पाणी पाजायचं आठवलं.

आबांनी टोपी सारखी केली. सुनेकडे न बघता ते नातीला म्हणाले, "शास्त्र पक्कं हाय तुझं. जा तू, पोरी. पन जायच्या आदी तुझ्या आयला ह्याच्या म्होरलं काय शिकवू नको."